नुसतं पातळ

उपाशी राहण्यात माझा हात धरणारा गडी अख्ख्या जुन्नर-आंबेगावात सापडायचा न्हाई. एकदा तर मी सकाळच्या न्याहारीपासनं पार दुपारच्या जेवणापतूर तोंडात काहीच घातलं न्हवतं. मधी दोन वडापाव झाले, पण ते उभ्याउभ्या खाल्ले, ते काय धरायचे?

असल्या माणसाला वस्तादांनी आठवडाभर नुसत्या पातळावर ठेवलं. म्हणून सांगायचं.

वस्ताद म्हंजी आळेफाट्याला ज्यांच्या गॅरेजात मी कामाला व्हतो ते. ट्रकचे मिस्त्री. नाशिककडं चाललेला कांद्याचा ट्रक असो, न्हाईतर नगरकडनं आलेला साखरेचा, घाटात खोकला की ड्रायव्हर क्लीनरला म्हणायचा, "फाट्यावर वस्तादांना दाखवू." माणूस दिसायला बाभळीच्या फोकासारखा. खाकी सदरा, खिशाला चष्मा, आन् हातात कायम एक हातभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर. त्याचं टोक चालू इंजिनाला लावायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. मंग सांगायचे, "तीन नंबरचा रडतोय." उघडून बघावं तर तीन नंबरचाच रडत असायचा. हितपतूर ठीक व्हतं. पण वस्तादांना जगात दुसरी काही वस्तूच दिसत न्हवती. माणूस काय, म्हैस काय, देव काय, सगळ्याला इंजिन.

सरपंच एकदा मत मागायला आले. अर्धा घंटा बोलले. ते गेल्यावर वस्ताद म्हणले, "हॉर्न चांगला हाय. पिकअप न्हाई."

शेजारच्या आळीतले एक आबा गेले, तवा वस्ताद सांत्वनाला गेले. पोरं रडत बसलेली. ह्यांनी थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवला आन् लई मायेनं म्हणले, "ऑइल कवा बदललंच न्हाई तुमी. इंजिन शीज झालं, जाम." पोरं रडायची थांबली आन् मारायला उठली. मी संगं व्हतो म्हणून मलाबी एक बसली. वस्तादांना न्हाई बसली, ते तवर चपला घालून मोकळे.

सोताच्या लेकीला बघायला पावणं आलं, तवाची गोष्ट तर फाट्यावर अजून सांगत्यात. कांदेपोहे झाले, शिक्षण-बिक्षण विचारून झालं. मुलाचा बाप म्हणला, "तुमाला काय विचारायचं असंल तर विचारा." वस्तादांनी मुलाकडं खालून वर बघितलं.

"सकाळी लगेच स्टार्ट होतो का?"

मुलाचा बाप गडबडला. म्हणला, "पाचला उठतो की."

"थंडीत?"

"थंडीत… साडेपाच."

"चालंल," वस्ताद म्हणले, "थंडीतला ग्लो प्लग बरा हाय." आन् लग्न जमलं! पोरगी सुखात हाय, वस्तादांचं निदान चुकत न्हवतं, हीच तर पंचाईत.

मी त्यांच्याकडं लागलो तवा माझी शाळेतली दुसरी सुटली व्हती. म्हंजी मीच सोडली व्हती. वाचायला येतं मला, पण एकेक अक्षर, खड्ड्यातनं लोडेड गाडी काढावी तसं. वर्षामागनं वर्षं गेली. गॅरेजचा बोर्ड गंजून असा झाला की त्याच्यावर वस्तादांचं नाव हाय का कुत्र्यापासून सावध रहा लिवलंय, हे नवीन माणसाला समजत न्हवतं. मंग वस्तादांनी नारायणगावचा पेंटर बोलावला आन् सगळ्यांसमोर म्हणले, "नव्या बोर्डावर ह्याचं बी नाव टाकू. पार्टनर."

तुमाला त्याचं काय वाटायचं न्हाई. तुमचं नाव कुठं कुठं छापून येत असंल. माझं नाव शाळेच्या हजेरीत तेवढं व्हतं, तिथं बी त्याच्यावर काट मारलेली. आन् माझ्या बायकोचं माहेर घाटघरचं. तिचा थोरला भाऊ मला 'पंक्चरवाले पावणं' म्हणायचा. आता पंक्चर काढणारा निराळा, मी इंजिनवाला, हे त्याला किती येळा सांगितलं. तो म्हणायचा, "असू द्या, काळं व्हायचं ते दोघांनी बी." बायकोला ते लागायचं. मी घरी निरगुडसरला जाऊन बोर्डाचं सांगितलं तवा तिनं त्याच दिवशी माहेरी निरोप धाडला. आता बोर्ड झालाच पायजे व्हता. न्हाईतर मला सासुरवाडीचा रस्ता बंद.

पेंटरनं काम सुरू केलं. लाल अक्षरात वस्तादांचं नाव झालं. त्याच्या पुढं 'आणि' झालं. आमी बोलताना म्हणतो आन्, पण बोर्डावर 'आणि' लिहितात. पेंटर माझं नाव विचारणार, तेवढ्यात वस्तादांनी हात वर केला. "थांब."

झालं व्हतं काय, एका जुन्या ट्रकचं ऑइल चेंबर मी खाली उतरवलं व्हतं. तळाला बोटभर गाळ, काळा, चिकट, श्रीखंडासारखा घट्ट. वस्तादांनी त्या गाळाकडं बघितलं. मंग माझ्या पोटाकडं बघितलं. पोट त्या वक्ताला सदऱ्याच्या दोन गुंड्यांच्या मधनं बाहेर बघत व्हतं. वस्ताद उठले, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक माझ्या बेंबीला लावलं आन् मूठ कानाला.

"गाळ हाय," ते म्हणले.

"वस्ताद, ती मिसळ हाय. आत्ताच खाल्ली."

"ज्याच्या टाकीत गाळ, त्याचं नाव माझ्या बोर्डावर न्हाई. फ्लशिंग करायचं. शनिवारपातूर नुसतं पातळ. दाताला काम न्हाई. मी बी करतो तुझ्यासंगं. एकाच्या टाकीवर दुसऱ्याचं लक्ष." मंग पेंटरला म्हणले, "तू शनिवारी ये. 'आणि' वाळू दे तवर."

मी राहायला गॅरेजातच, म्हणून माझा डबा रोज सकाळी निरगुडसरनं यष्टीनं यायचा. बायको डबा ड्रायव्हरच्या हाती द्यायची, मी स्टँडवर घ्यायचा. तो बंद करायला मी बूथवर जाऊन आमच्या घराशेजारच्या दूधडेअरीत फोन लावला. फाट्यावर बूथमधी उभं राहून बोलायचं म्हंजी एका कानात हॉर्न, दुसऱ्या कानात हॉर्न. मी बोंबललो, "तिला सांगा, डबा नको! वस्तादांनी ठरीवलंय! शनिवारपातूर पातळच!" तिकडनं डेअरीवाला म्हणला, "सांगतो, सांगतो," आन् ठेवून दिला. आता तो काय सांगणार हे मला काय ठावं?

पयला दिवस वस्तादांनी थाटात काढला. सकाळी लिंबूपाणी, दुपारी ताक, संध्याकाळी उसाचा रस. मधीच सोताच्या पोटाला स्क्रू-ड्रायव्हर लावायचे, ऐकायचे, आन् मला म्हणायचे, "ऐक, कसं मोकळं चाललंय." माझं बी मोकळंच चाललं व्हतं, त्याच्याबद्दल जास्ती बोलत न्हाई, गॅरेजमागच्या उसाला सगळं ठावं हाय. दुपारच्याला मला ग्रीसच्या डब्यात श्रीखंड दिसाया लागलं. टेबलावर नट-बोल्टाचे वायसर पडलेले, ते चकल्या दिसाया लागले. एक ड्रायव्हर येऊन म्हणला, "भाऊ, फॅन बेल्ट बघा," मला ऐकू आलं भजी भेळ बघा. मी त्याला म्हणलं, "कुठाय?"

दुसऱ्या दिवशी मी डोकं चालवलं. म्हणलं, "वस्ताद, आमटी पातळ का घट्ट?"

वस्ताद विचारात पडले. असा प्रश्न त्यांना कुणी विचारला न्हवता. त्यांनी डिझेल भरायचं नरसाळं आणलं, राखेनं घासून घासून धुतलं, बाटलीवर बसवलं आन् वहिनींना म्हणले, "आमटी आण." वहिनी म्हंजी वस्तादांची बायको, घर गॅरेजच्या मागंच व्हतं. त्यांनी आमटी आणली. वस्तादांनी ओतली. सुळ्ळकन खाली.

"उतरली," वस्ताद म्हणले. "नरसाळ्यातनं जे आपलं आपण उतरतं, ते पातळ."

कायदा झाला! मंग आमचं कोर्ट बसलं. कढी आली, उतरली. कुळथाचं कढण, उतरलं. शेजारच्या हॉटेलातनं मी मासवडी आणली; वडी अडकली, रस्सा उतरला. वडी मी बोटानं खाली दाबाया लागलो तर वस्तादांनी हातावर चापट मारली. "दाबून उतरवलेलं पातळ न्हवं! न्याय म्हंजी न्याय." भाकरी चुरून आमटीत कालवून ओतली, तर नरसाळं चोक झालं. वस्ताद म्हणले, "नामंजूर." आमी दोघं बी त्या नरसाळ्याकडं असं बघत बसलो, जसं काय आत आमचं कोणी अडकलंय.

तवा वहिनी हसत हसत म्हणल्या, "अवो, मिक्सरमधनं काढा मंग. बाळाला नाय का आपण देत?"

त्या चेष्टेनं बोलल्या व्हत्या. पण वस्तादांच्या डोळ्यात अशी चमक आली, की वहिनींनी तिथंच सोताच्या तोंडावर हात मारून घेतला.

भाकरी-दूध मिक्सरमधनं निघालं. नरसाळ्यातनं उतरलं. वांग्याचं भरीत उतरलं. मंग भजी. मंग ताकात भजी. जिलेबी दुधात फिरवली, ती तर अशी उतरली, वस्ताद म्हणले, "बघ, मूळचीच पातळ असणार, उगंच वेटोळी करत्यात." बाजारच्या दिवशी पावशेर फरसाण उसाच्या रसात काढलं. चव विचारू नका. चवीचा प्रश्नच न्हवता, कायद्याचा व्हता. गिऱ्हाइकं विचारायची, "वस्ताद, काय पिताय?" वस्ताद गंभीर तोंडानं सांगायचे, "पोट साफ करतोय," आन् गिलासभर पुरणपोळी नरड्याखाली सोडायचे.

आता पुण्याची माणसं जुन्नरच्या डोंगराकडं रिसॉर्टात येत्यात, नवराबायको जोडीनं, आन् हिरवं पाणी पिऊन राहत्यात. त्याला काहीतरी इंग्लिश नाव हाय. जाताना फाट्यावर गाडी थांबवून दोघं बी दोन-दोन प्लेट मिसळ हाणत्यात आन् एकमेकांना म्हणत्यात, कसं हलकं हलकं वाटतंय नाय? मला त्यांचं हसू येत न्हाई. आमाला बी हलकं वाटत व्हतं. आमच्या मेंदूत काही उरलंच न्हवतं, हलकं वाटणारच.

शेवटी मटण आलं. मीच म्हणलं व्हतं, नुसता रस्सा आणू. पण रस्सा आणायला गेलं की त्याच्यासंगं पीस येत्यात, त्याला मी काय करणार? पीस मिक्सरात गेले. हाडं काढायचं काम माझ्याकडं व्हतं. मी काढली, पण एक नळी राहिली. मिक्सर घुर्र झाला, किंचाळला, आन् त्याच्या बुडातनं धूर आला. वस्तादांनी पळत जाऊन स्क्रू-ड्रायव्हर लावला, कान लावला. बराच येळ ऐकलं.

"काय म्हणतोय?" वहिनींनी कमरेवर हात ठेवून विचारलं.

"काही म्हणत न्हाई," वस्ताद म्हणले.

तो मिक्सर लेकीच्या लग्नात वहिनींच्या भावानं वहिनींना दिलेला. वहिनी म्हणल्या, "तुमचं पोट साफ व्हायचं तवा होईल. माझं घर साफ केलंत." आन् स्वयंपाकघराची आतनं कडी लावली. त्याच्यानंतर मातुर आमी खरंच ताकावर आलो. ताक बी शेजारनं मागून.

शुक्रवारी वस्ताद मला कांदा मार्केटच्या वजनकाट्यावर घेऊन गेले. ट्रक तोलायचा काटा; आठवड्याच्या सुरुवातीला बी आमी तिथंच उभे राहिलो व्हतो, कारण साधा काटा वस्तादांना भाजीवाल्याचा वाटायचा. दोघं संगंच उभे राहिलो. काटेवाल्यानं खिडकीतनं डोकं काढलं. "वस्ताद, मागल्यापेक्षा वाढलं की."

"गाळ सुटून वर आलाय," वस्ताद म्हणले. "निघायच्या आधी वर येतो."

काटेवाल्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. पार्टनर व्हायचं तर सुरुवात मान हलवण्यापासनंच असती.

शनिवार उजाडला. पेंटर आला, शिडी लावली, डबे उघडले. 'आणि' आठवडाभर पुढं काही न मिळता लटकलेलं व्हतं. येणारजाणारा विचारायचा, "आणि कोण?" मी नुसता गालात हसायचा. आज सांगणार व्हतो. आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून मी बोर्डाखाली उभा राहिलो. वस्तादांनी माझ्या पोटाला शेवटचा स्क्रू-ड्रायव्हर लावला, ऐकलं, आन् म्हणले, "आवाज बदललाय. पास." पेंटरला म्हणले, "घे लिहायला."

आन् तेवढ्यात यष्टीतनं माझी बायको उतरली. संगं तिचा थोरला भाऊ, घाटघरचा. तिच्या हातात पेढ्याचा पुडा. ती कधी गॅरेजात यायची न्हाई. ती सरळ चालत आली, वस्तादांच्या पाया पडली, त्यांच्या हातात पेढा ठेवला, आन् वळून, "तोंड गोड करा," म्हणत दुसरा पेढा माझ्या तोंडात कोंबला.

आता बायकोनं भावासमोर, सगळ्या फाट्यासमोर पेढा भरवला तर गडी काय करंल? मी चावला. मला वाटतं दोनदा चावला. लई चांगला पेढा व्हता.

"चावलं," वस्ताद म्हणले.

"न्हाई वस्ताद," मी म्हणलं, पण पेढ्यामुळं ते 'म्हाई वफ्ताद' असं आलं. "विरघळला तो. आपोआप."

वस्तादांनी स्क्रू-ड्रायव्हर माझ्या जबड्याला लावला. "अजून चालू हाय." मंग पेंटरला म्हणले, "थांब."

सोताच्या हातातला पेढा त्यांनी चहाच्या कपात टाकला, पेनानं ढवळ ढवळ ढवळला आन् पिऊन टाकला. नेम म्हंजी नेम.

वहिनी दारातनं बघत व्हत्या. त्यांना राहवलं न्हाई. "अवो, मिक्सर जाळून मटण प्यालात ते चाललं, आन् एका पेढ्यानं भावजींचं नाव घालवता?"

"मटण चावलं न्हवतं," वस्ताद म्हणले.

माझी बायको एकदा माझ्याकडं, एकदा वस्तादांकडं बघत व्हती. तिला नावाचं काय चाललंय हे कळतच न्हवतं. ती म्हणली, "ते राहू द्या. वस्ताद, पातळ कुठाय?"

"पातळ?" वस्ताद म्हणले. "पातळ तर आमी प्यालो. आठवडाभर तेच चाललंय."

"प्यालात?" बायको म्हणली. "नेसायचं पातळ?"

मंग सगळं उलगडलं. डेअरीवाल्यानं निरोप दिला व्हता तो असा: डबा नको, वस्तादांनी ठरीवलंय, शनिवारी पातळ. तिनं अर्थ लावला तो सरळ व्हता. नवरा पार्टनर झाला, आता मालकाच्या पंगतीला जेवतो, म्हणून डबा नको. आन् शनिवारी बोर्ड लागणार, म्हणून वस्तादांनी पार्टनरच्या बायकोला पातळ घ्यायचं ठरीवलंय. तिनं ते सगळ्या आळीला सांगितलं व्हतं. भावाला घाटघरवरनं मुद्दाम बोलावलं व्हतं, पातळ घेताना बघायला.

भाऊ माझ्याकडं बघून म्हणला, "पावणं, तुमी गाड्या दुरुस्त करता म्हणता, आन् तुमचा निरोप सरळ जात न्हाई?"

बायकोचे डोळे भरले. मी म्हणलं, "मी घेईन तुला पुढल्या…"

"तू गप," वस्ताद म्हणले. "निरोप माझ्या नावानं गेलाय का न्हाई? गेलाय. मंग पातळ मिळणार." आन् ते तिला घेऊन रस्त्यापलीकडच्या कापडदुकानात गेले. वहिनी बी गेल्या. वस्तादांना एकटं सोडलं असतं तर त्यांनी सीट कव्हरचं कापड आणलं असतं. परत आले तवा बायकोच्या हातात हिरवंगार, लाल काठाचं पातळ. तसलं मी तिला लग्नात बी घेतलं न्हवतं.

मी तिला बाजूला घेतलं. म्हणलं, "तू वस्तादांना नावाचं बोल. तुझं ऐकतील. तूच पेढा कोंबलास."

तिनं काठावरनं हात फिरवला. "नाव काय मला नेसायचंय?" म्हणली, आन् वहिनींच्या घरात पातळ नेसून बघायला गेली. माझी वकील अशी गेली.

पेंटर वर ताटकळला व्हता. "वस्ताद, ह्या 'आणि'चं काय करू? पुसू का?"

वस्ताद तवर एका ट्रकखाली शिरले व्हते, नुसते पाय दिसत व्हते. पायांकडनं आवाज आला, "पुसू नको, डाग राहील. 'आणि कंपनी' टाक."

पेंटरनं लिहायला घेतलं. मी खालनं एकेक अक्षर वाचत गेलो. कं. प. नी. छातीत जरा बरं वाटाया लागलं. मी खाली वाकून ट्रकखाली विचारलं, "वस्ताद, कंपनी म्हंजी मीच ना?"

"तू, ह्या ट्रकचा क्लीनर, तुझ्या वहिनीचं मांजर, सगळे," वस्ताद म्हणले. "सोळाचा पाना दे."

सोळाचा पाना दिला. पण त्यांनी माझंच नाव पयलं घेतलं व्हतं, हे मी धरून ठेवलं. मेव्हणा बोर्डाकडं बघत उभा व्हता. मी त्याच्याजवळ गेलो, पोट आत घेतलं, मान वर केली आन् म्हणलं, "वाचा पावणं. वस्ताद आन् कंपनी. कंपनी म्हंजी आपण."

मेव्हणा काही बोलायच्या आधीच वरनं पेंटर बोलला.

"असशील कंपनी. आधी ही शिडी धर, हलतीय."